एडीएचडीची गोळी व्हिडिओ कॉलवर का मिळत नाही?

देवरी किंवा सालेकशातून मानसोपचारतज्ज्ञांशी व्हिडिओ कॉलवर बोलता येतं. पण एडीएचडीसाठी वापरलं जाणारं मिथाइलफेनिडेट त्या कॉलवर लिहून मिळत नाही. असं का?

हे औषध 'शेड्यूल एक्स'मध्ये येतं. २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार अशी औषधं दूरस्थ तपासणीत लिहून देता येत नाहीत. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, त्यातली एक दुकानदाराला दोन वर्षं जपावी लागते. विक्रीचा परवानाही वेगळा असतो, म्हणून प्रत्येक मेडिकलमध्ये हे औषध नसतं.

गैरवापर रोखायला नियम हवेतच. पण तारखा विसरणं हाच ज्याचा त्रास, त्यालाच चिठ्ठ्या आणि गोंदिया-नागपूरच्या फेऱ्या सांभाळाव्या लागतात.

सोबत अँग्झायटी असेल तर?

या औषधाने काहींची धडधड, बेचैनी वाढते. काहींची मात्र कामं मार्गी लागल्याने चिंता कमी होते. म्हणून डॉक्टर कमी डोसपासून सुरुवात करतात, नाडी आणि बीपी तपासतात.

अ‍ॅटोमॉक्सेटिन शेड्यूल एक्समध्ये नाही, पण त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. चिंतेसाठी फ्लुओक्सेटिन किंवा पॅरोक्सेटिन चालू असेल, तर अ‍ॅटोमॉक्सेटिनचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं. डॉक्टरांना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या दाखवा.

काय कराल?

गोळ्या संपायच्या आठवडाभर आधीचा गजर लावा. औषध कुठे मिळेल, हे दवाखान्यातच विचारून घ्या. मनाने डोस बदलू नका. मन मोकळं करायला टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. या गोळीच्या चिठ्ठीसाठी मात्र प्रत्यक्षच जावं लागेल.