सॉफ्टवेअर फुकट, पण शिकवणार कोण?

लिब्रेऑफिसला पैसे लागत नाहीत. त्याची मुदत संपत नाही, सोर्स कोडही सर्वांना खुला आहे. तरीही त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हरसूलसारख्या बाजारगावात कोणी झेरॉक्स आणि फॉर्म भरण्याचे दुकान टाकले, तर तो नामांकित ऑफिस सॉफ्टवेअरची विनापरवाना कॉपीच टाकून घेईल, अशी शक्यता जास्त. कारण सोपे आहे. त्यात अडले तर सांगणारा कोणीतरी ओळखीचा असतो. लिब्रेऑफिसमध्ये अडले तर विचारायचे कोणाला?

आणि अडते ते भलत्याच ठिकाणी. कृतिदेवमध्ये टाइप केलेला जुना अर्ज उघडला आणि तो फॉन्ट संगणकावर नसला, की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. नवख्याला वाटते, फुकटचे सॉफ्टवेअर असेच असणार! खरे तर अशा फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असतात. फॉन्ट टाकला की अर्ज वाचता येतो. कायमचा इलाज म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेणे. उत्तर दोन ओळींचे. पण मूळ इंग्रजी मार्गदर्शिका लिहिणाऱ्या बहुतेकांना हा प्रश्न कधी पडलेलाच नसतो.

आयआयटी मुंबईने ही उणीव बरीच भरून काढली. प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने आणि केंद्र सरकारच्या निधीतून ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प उभा राहिला. साधारण दहा मिनिटांचा एक धडा, आवाज मराठीत, पडद्यावरचे मेनू मात्र इंग्रजीतच. अर्ध्या पडद्यावर व्हिडिओ लावायचा, उरलेल्या अर्ध्यात तेच स्वतः करून पाहायचे. शिक्षक नसलेल्या गावासाठी यापेक्षा चांगली पद्धत मला तरी माहीत नाही.

मात्र धडे शिळे होतात. लिब्रेऑफिसचे सुरुवातीचे धडे 3.3.4 आवृत्तीवर होते. 2024 मध्ये 24.2 आवृत्ती आली. जुना धडा लावणाऱ्याला सांगितलेले बटण जागेवर सापडले नाही, तर चूक आपलीच, असे समजून तो गप्प बसतो. शिवाय रेंज जेमतेम असेल तिथे व्हिडिओपेक्षा मजकुराचे एक पान लवकर उघडते.

अशी पाने लिहायला मोठ्या तज्ज्ञाची गरज नाही. उलट तज्ज्ञ निम्म्या पायऱ्या गाळतो, कारण त्याला त्या दिसतच नाहीत. काल शिकलेल्याला त्या आठवत असतात. लिब्रेऑफिसच्या मार्गदर्शिकांचा परवाना मुक्त आहे. त्या बदलून, भाषांतर करून कोणीही वाटू शकतो. मग संगणक शिकणाऱ्या महाविद्यालयीन मुलांना हेच काम प्रकल्प म्हणून का देऊ नये? दरवर्षी ‘लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम’ नव्याने लिहिण्यापेक्षा वीस अडचणींची वीस मराठी पाने लिहिणाऱ्याला जास्त गुण द्यावेत. प्रत्येक पानावर आवृत्तीचा क्रमांक, काय दाबले आणि पडद्यावर कोणता संदेश आला, एवढे हवेच. ते पान छापण्याआधी कधीच लिब्रेऑफिस न वापरलेल्या एखाद्याकडून करून घ्यावे. तो जिथे थांबेल, ती ओळ पुन्हा लिहावी.