मादी आहे म्हणून नको?

अनसिंगमध्ये कुत्र्याचं पिल्लू द्यायचं आहे असं कुणाला सांगा, समोरचा आधी विचारतो, "नर हाय का?" मादी आहे म्हटलं की बोलणं तिथेच आटोपतं. "नर असन तं सांगजा."

आमच्या अंगणात सध्या सहाएक महिन्यांची एक मादी आहे. पुसदच्या रस्त्याला कुणीतरी सोडून दिलेली. आली तेव्हा अंगभर गोचीड, पोटात जंत, बरगड्या मोजता येतील अशी. आता सावरली आहे. रेबीजची लस झाली आहे, शेळ्यांच्या मागे लागत नाही, लहान पोरांत रमते. तिच्यासाठी घर शोधतोय आणि सगळीकडून तेच उत्तर येतंय.

लोक मादीला टाकतात ते मन दगडाचं असतं म्हणून नाही. पिल्लांची धास्ती असते, आणि ती खरी आहे. सहा महिने ते वर्षभरात मादी पहिल्यांदा माजावर येते, पुढे साधारण वर्षातून दोनदा. गाभण राहिली की नऊ आठवड्यांत पिल्लं, एका वेताला पाच-सहा सहज. त्यातले नर उचलले जातात, माद्या पोत्यात भरून गावाबाहेर जातात. त्यातल्या जगतात त्यांना पुन्हा पिल्लं होतात. या धास्तीवरचा उपाय म्हणजे निर्बीजीकरणाची शस्त्रक्रिया. ती एकदा झाली की पिल्लांचा प्रश्न जन्मभरासाठी मिटतो. आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टरांना विचारा, ते वाट दाखवतील. अकोल्याला तर पशुवैद्यकाची स्नातकोत्तर संस्थाच आहे. मोकाट कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाचं काम 2023च्या नियमांनी स्थानिक संस्थांवर सोपवलं आहे, ग्रामपंचायतीही त्यात आल्या. ग्रामसभेत हा विषय निघायलाच हवा.

जनावराचे भुकेने-तहानेने हाल होतील अशा जागी त्याला सोडून देणं हा 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर 10 ते 50 रुपये! एवढ्या दंडाला कोण भिणार? दत्तभक्तांचं तीर्थ असलेलं कारंजा आपल्याच वाशीम जिल्ह्यात. दत्ताच्या तसबिरीतली चार कुत्री घरोघरी पुजली जातात. मग दारातल्या जिवाच्या वाट्याला पोतं का?

पण कुणीही "द्या" म्हटलं म्हणून मी ती देणार नाही. जागलीसाठी न्यायला एकजण तयार होता. हरभऱ्यात रानडुकरं शिरतात, रोही शिरतात, शेतकऱ्याची अडचण मला कळते. पण वावरात खुंटीला साखळीने बांधलेल्या कुत्र्यावर रानडुक्कर आलं तर त्याने पळायचं कुठे? मोकळं असेल तर ते भुंकेल, मागे सरेल, जीव वाचवेल. बांधलेलं कुत्रं राखण करत नाही, ते फक्त तिथे असतं. मोकळं ठेवणार असाल आणि रात्री माणूसही सोबत असेल, तर वावरातही ती सुखाने राहील.

पिल्लू मागणाऱ्याला मी आणखी दोन गोष्टी विचारतो. लग्नाकार्याला सगळं घर गावाला गेलं तर हिला भाकर कोण घालणार? आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांची तयारी आहे का? घरी दिवसभर तेच असतात, तिची खरी गाठ त्यांच्याशीच पडणार. पोरांच्या हट्टापायी नेलेलं पिल्लू शाळा सुरू झाली की त्यांच्याच गळ्यात पडतं.

सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2025च्या आदेशात रस्त्यावरचं कुत्रं दत्तक घ्यायची मुभा दिली, आणि घेतलेलं कुत्रं पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्यावर टाकली. माझी अटही तेवढीच आहे. शस्त्रक्रियेचा खर्च मी करीन, दरवर्षीची रेबीजची लस तुम्ही टोचून घ्या. नाहीच जमलं तर कुठे सोडू नका, माझ्याकडे परत आणून द्या. ज्यांना ती हवी असेल त्यांनी घरच्या सगळ्यांना घेऊन यावं आणि आधी तासभर तिच्याजवळ बसावं.