नागपूरला कोण आजारी आहे?

मैत्रिणींनो, आमच्या अल्लीपूरच्या स्टँडवर हातात पिशवी घेऊन उभं राहावं आणि कुणी विचारलं, तर "नागपूरला चालले" एवढंच सांगून बघावं. पुढचा प्रश्न ठरलेला : "कोण आजारी आहे?" दवाखाना नसला तर लग्नाचा बस्ता, तोही नसला तर कुणाची परीक्षा नाहीतर कोर्टाची तारीख. "सहज, बघायला" हे उत्तर कुणाच्याच पचनी पडत नाही. खरं सांगायचं तर माझ्याही पडत नव्हतं. लग्नाला बारा वर्षं झाली, नागपूरच्या वीस-पंचवीस खेपा तरी झाल्या असतील. पण ज्याचं नाव लहानपणापासून ऐकलं तो अजब बंगला आतून पाहिला नव्हता. रिक्षातून दिसायचा, आणि रिक्षा नेहमी घाईत!

तेव्हा यंदा संक्रांतीचं हळदीकुंकू आटोपल्यावर, फेब्रुवारीतला एक शनिवार-रविवार धरून मी, धाकट्या जाऊबाई आणि सासूबाई अशा तिघी निघालो. सासूबाईंना तयार करणं सोपं गेलं नाही. चार वर्षांपूर्वी मामंजी नागपूरच्या दवाखान्यात एकोणीस दिवस होते, तिथून ते घरी आले नाहीत. तेव्हापासून सासूबाईंनी नागपूरचं नाव घेतलं नव्हतं. "तुम्ही जा, मी घर पाहतो," एवढंच म्हणायच्या. शेवटी "तुमच्याशिवाय आम्हालाही कुणी जाऊ देणार नाही" म्हटल्यावर उठल्या. हे अगदीच खोटं नव्हतं!

आधी घरची व्यवस्था, कारण जीव तिथेच अडकतो. तांदूळ दोन वाट्या, मुगाची डाळ एक वाटी, त्यात जिरं, हळद, मीठ, चिमूटभर हिंग हे कोरडंच कालवून डब्यात भरलं. डाळ-तांदळाच्या तिप्पट पाणी घालायचं आणि कुकर लावायचा, हे डब्याला चिकटवलेल्या चिठ्ठीवर लिहिलं. दुधाचं सांगितलं, विरजण दाखवून ठेवलं. यजमानांनी दोन्ही दिवस खिचडीच केली. मुलांनी तक्रार केली नाही, म्हणजे आपण समजतो तितकं घर आपल्यावाचून अडत नाही. हे कळून थोडं वाईटही वाटलं.

दुसरी गोष्ट मी जरा धिटाईने सांगते. अशा सहलीत नातेवाइकांकडे उतरू नका. तिथे गेलं की पदर खोचून त्यांच्या ओट्याशी उभं राहावंच लागतं, आणि दोन दिवसांत आपण पाहतो काय, तर दुसऱ्या बाईचा स्वयंपाक. आमच्या चुलत नणंद नागपुरात राहतात. त्यांना आठवडाभर आधीच फोन करून सांगितलं, "वन्सं, उतरणार लॉजवर, पण रविवारी तुम्हीच आमच्याबरोबर फिरायला या." आधी रुसल्या, मग आल्या. लॉज सीताबर्डीच्या जवळ घेतला. "सोबत कोणी नाही का?" असं एका ठिकाणी विचारलं, म्हणून तिथून उठलो आणि दुसरीकडे गेलो. तिघींची आधार कार्डं जवळ हवीतच. खोली घेण्याआधी दाराची आतली कडी आणि बाथरूममधलं गरम पाणी स्वतः पाहून घ्यावं, यात लाजायचं काही नाही.

जायचं एस.टी.नेच. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. अल्लीपूरहून वर्धा, वर्ध्याला गाडी बदलायची. तिथे मधल्या वेळात गोरसपाक घ्यायला विसरू नका. दोन दिवस पिशवीत राहतो, भुकेला आधार होतो, आणि ज्यांच्या घरी जाल त्यांना द्यायलाही बरा.

शनिवारी दुपारी अजब बंगला. १८६३ सालचं हे संग्रहालय, कागदोपत्री नाव मध्यवर्ती संग्रहालय. सोमवारी बंद असतं, हे ध्यानात ठेवा. पेंढा भरलेले पशुपक्षी, जुनी शस्त्रं, दगडी मूर्ती, शिलालेख, गोंडांच्या वापरातल्या वस्तू अशी दालनामागून दालनं आहेत. सगळं पाहायचा हट्ट धरलात तर पाय दुखतील आणि काहीच लक्षात राहणार नाही. जाऊबाई दागिन्यांपुढे अर्धा तास उभ्या होत्या. "ही वाकी आपल्या सोनाराला जमेल का हो?" हा त्यांचा प्रश्न. मी शिलालेख वाचण्याचा आव आणला. बी.ए.ला इतिहास होता, पण एक अक्षर लागलं नाही.

संध्याकाळी दीक्षाभूमी. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली ती ही जागा. आतून पोकळ असलेल्या या भव्य स्तूपाचं उद्घाटन १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते झालं. दसऱ्याच्या वेळी तिथे मुंगीला शिरायला जागा नसते, पण एरवीच्या दिवशी आत इतकी शांतता, की आपलंच पाऊल ऐकू येतं. शाळेत दरवर्षी मी मुलांना ही तारीख पाठ करायला लावते. स्वतः तिथे उभी राहिले ती यंदा पहिल्यांदा.

रात्री सावजी जेवणाचा बेत होता. हौस म्हणून एकदा ठीक आहे. पण रस्सा ताटात घेण्याआधी बोटाने चाखून पाहा. मी पाहिला नाही आणि डोळ्यांतून पाणी आलं. सासूबाईंनी वरणभातच मागवला, शहाण्या!

रविवारी सकाळी तर्री पोहे खाऊन टेकडीच्या गणपतीला गेलो. मग वन्सं आल्या आणि सीताबर्डी स्टेशनावरून मेट्रोत बसलो. सरकत्या जिन्यावर सासूबाईंनी पाऊल टाकायला साफ नकार दिला. लिफ्ट असते, वयस्कर माणसांना तिनेच न्यावं. गाडी गड्डीगोदामपाशी आली की खिडकीशी बसा. तिथे खाली रस्ता, त्याच्यावर आगगाडी, तिच्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यांच्या वर आपली मेट्रो, अशा चार मजल्यांवरून वाहनं धावतात.

उतरलो कडबी चौकात. तिथून जवळच नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे, २००२ साली सुरू झालेलं. मी ते मुलांसाठी म्हणून हेरून ठेवलं होतं, पुढच्या वेळी आणता येतील असा हिशेब. वन्सं इतकी वर्षं नागपुरात राहून कधी आत गेल्या नव्हत्या. आवारात जुनी लहान इंजिनं आणि डबे उभे आहेत. या गाड्यांच्या दोन रुळांमधलं अंतर जेमतेम अडीच फूट. नागपूर-छिंदवाडा मार्गावर अशी गाडी २०१५ पर्यंत धावत होती.

आम्ही तिघी पुढे गेलो आणि मागे पाहिलं तर सासूबाई नाहीत. एका डब्यापाशी थांबल्या होत्या, दाराच्या दांडीला हात लावून.

"अशीच होती वं आमची आर्वीची गाडी."

सासूबाईंचं माहेर आर्वीचं. पुलगाव-आर्वी हीसुद्धा अडीच फुटी लाइनच. ती बंद होऊन कितीतरी वर्षं झाली. समोरचा डबा तिथला नव्हता, पण घाट तोच.

"लग्न लागलं अन् याच गाडीत बसवून पुलगावले आणलं मले. वऱ्हाड समदं भवताल. हे समोर बसले. आर्वीपासून एक शब्द नाई. पुलगाव याले झालं तवा म्हणतात, पाणी पाह्यजे काय?"

"मग तुम्ही काय म्हटलं, आई?"

"म्या कायले बोलतो! नाई म्हणून मान हालवली. अन् तहान तं अशी लागली होती!"

बारा वर्षं मी त्या घरात आहे. मामंजींचं नाव निघालं की दवाखाना, रिपोर्ट, ते एकोणीस दिवस, एवढंच बोलणं व्हायचं. वन्संनीही ही गोष्ट कधी ऐकली नव्हती. आम्ही तिथे पायरीवर तासभर बसलो. पुढे फुटाळा तलाव ठरवला होता, तो राहूनच गेला. राहू दे.

खरेदीला शेवटचे दोनच तास ठेवले होते, आणि तेच बरं. सीताबर्डीला आधी गेलात तर दिवसभर पिशव्याच सांभाळाल. जाऊबाईंनी दोन सुती साड्या घेतल्या, मी चादरी. संत्री घेताना चकचकीत रंगाला भुलू नका. साल सैल आणि हातात फळ वजनाला जड लागलं, की रस भरपूर. बर्फी पाहिजे असेल तर घ्या, पण ती घरी पोचल्यावर पहिल्याच दिवशी संपते, असा माझा अनुभव.

बस स्टँडकडे जाताना रिक्षा एका वळणावर थांबली तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "हाच ना वं दवाखान्याचा रस्ता?" मी हो म्हटलं. त्यांनी तिकडे पाहिलं, मग संत्र्यांची पिशवी मांडीवर नीट घेतली.

अल्लीपूरला उतरलो तेव्हा अंधार पडला होता. स्टँडवर ओळखीच्या एक बाई भेटल्या. तिघींकडे आळीपाळीने पाहून हळूच म्हणाल्या, "कोण होतं दवाखान्यात?"

"कोणी नाई," सासूबाई म्हणाल्या. "रेलगाडी पाहून आलो."

पुढच्या आठवड्यात उन्हाळी वाळवणांची तयारी. सरगुंडे तुटू नयेत म्हणून काय करावं, असं बऱ्याच जणींनी विचारलं आहे; त्याविषयी लिहीन.