पंप कोणाच्या पाठीवर?

कपाशीवर फवारायच्या विषाला आपण 'औषध' म्हणतो. घरातली म्हातारी माणसंही सांगतात, "पोरगा औषध मारायला गेला." नाव औषधाचं असल्यावर भीती कशी वाटणार? वस्तीतल्या बंधू-भगिनींनी निदान आपल्या घरात तरी त्याला विष म्हणावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती. नळी वर धरून मारलेला फवारा मारणाऱ्याच्याच तोंडावर येत होता. दोन-तीन विषं एकत्र कालवली जात होती. शासनाने चौकशी पथक नेमलं, पाच कीटकनाशकांवर ६० दिवसांची बंदी घातली. आणि चर्चा मात्र रंगली मजुराने मास्क का लावला नाही याची! शेत एकाचं, कोणती बाटली न्यायची हे सांगणारा दुकानदार दुसरा, आणि पंप तिसऱ्याच्या पाठीवर. हा तिसरा बहुतेक वेळा भूमिहीन असतो, आपल्याच वस्तीतला असतो. दोष तेवढा त्याचा कसा?

कीटकनाशकांचा कायदा १९६८ चा, त्याचे नियम १९७१ चे. फवारणाऱ्या माणसाला संरक्षक कपडे असले पाहिजेत, असं त्या नियमांत आहे. म्हणजे हातमोजे मागणं ही भीक नव्हे. पण एकट्याने मागितले तर उद्या दुसऱ्याला काम मिळतं, हेही खरं. म्हणून वस्तीतल्या फवारणी करणाऱ्यांनी हंगामाआधीच एकत्र बसून ठरवावं: हातमोजे, चष्मा, मास्क मालकाचे, नाहीतर पंप उचलायचा नाही.

विष फक्त नाकातोंडातून जातं, हा समज चुकीचा आहे. ते कातडीतून शिरतं, आणि घामाने भिजलेल्या अंगातून जास्तच. गळका पंप दिवसभर पाठ भिजवत असेल, तर नाकाला कितीही बांधा, उपयोग नाही. रुमालाचंही तसंच, तो फवाऱ्याने ओला झाला की विष तोंडाशी धरून ठेवतो. नोझल तुंबलं की तोंडाने फुंकायचं, मध्येच त्याच हाताने खर्रा खायचा, हे तर रोजचंच. वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून आणि भर उन्हात फवारू नये. घरी आल्यावर साबणाने अंघोळ करावी. ते कपडे लेकराबाळांच्या कपड्यांत टाकू नयेत. धुणारी बहुधा घरची बाई असते, तिच्या हातालाही मोजे हवेत. विष कालवायला पाणी आणणाऱ्या बायांची तर कोणी मोजदादच करत नाही.

डब्यावरचा त्रिकोण बघायला वाचता यावं लागत नाही. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. हिरवा म्हणजे बिनविषारी नव्हे.

फवारून आलेला माणूस झोकांड्या देतो, बरळतो, तोंडाला लाळ येते, घाम सुटतो, अंधुक दिसतं, उलट्या होतात. शेजारी म्हणतात, "पिऊन आलाय." या एका वाक्यात रात्र जाते आणि कधीकधी माणूसही. अशा वेळी कपडे काढून अंग साबण-पाण्याने धुवावं, १०८ ला फोन करावा. दूध, लिंबू, मीठ-पाणी पाजत बसू नये, उलटी मुद्दाम करवू नये. आणि डबा किंवा त्याचं लेबल सोबत न्यावं. एका गटाच्या विषावर अ‍ॅट्रोपीनचं इंजेक्शन चालतं, दुसऱ्या गटावर तसा उताराच नाही. नाव कळलं नाही तर डॉक्टरला लक्षणांवरून अंदाज करत बसावं लागतं.

मुळात प्रत्येक फवारणी गरजेची असते का? गुलाबी बोंडअळी बोंडात शिरली की वरून मारलेलं विष तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले, तर फवारायचं, असा कृषी खात्याचा सल्ला आहे. ज्यांची स्वतःची दोन एकर आहे त्यांनी सापळे लावावेत. जे मजुरीने जातात त्यांनी मालकाला विचारायला काय हरकत आहे?

रिकाम्या डब्याचं राहिलं. गरिबाच्या घरात चांगला डबा टाकवत नाही. धुऊन त्यात पाणी, तेल भरलं जातं. कितीही धुतला तरी तो घरात आणू नये. भोक पाडून मालकाच्याच ताब्यात देऊन यावा.