भाव पिकल्या फळाला हवा

आंध्र प्रदेशातील अराकूच्या अरेबिका कॉफीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याआधीच, 2017 मध्ये, पॅरिसमध्ये तिच्या नावाचे दुकान उघडले होते. पूर्व घाटात हजार मीटरच्या आसपास, सिल्व्हर ओकच्या सावलीत, त्याच झाडांवर मिरीचे वेल चढवून आदिवासी कुटुंबे ही कॉफी पिकवतात. बागा लहान, उतारावरच्या. उंची, सावली आणि वाण यांवर आपण पुष्कळ बोलतो. पण अशा बागेतल्या कॉफीचा दर्जा बराचसा तोडणीच्या दिवशीच ठरतो. म्हणून खरेदी घरोघरी वाळवलेल्या पार्चमेंटची, म्हणजे गर काढलेल्या पण टरफलासकट असलेल्या दाण्यांची नव्हे, ताज्या पिकल्या फळाची व्हावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

एकाच फांदीवर लाल फळाशेजारी हिरवे फळ असते. ते ओरबाडून काढले की कपात तुरटपणा उतरतो. पोत्यात रात्रभर दाबून ठेवलेले फळ तापते, आंबते आणि तो वास पुढे कितीही कुशल भाजणीने जात नाही. 350 ग्रॅमच्या नमुन्यात पूर्ण काळा किंवा पूर्ण आंबलेला एक दाणा निघाला तरी तो माल स्पेशालिटी दर्जातून बाद होतो. घरच्या हातपल्परवर गर काढून, तुटपुंज्या पाण्यात धुऊन, अंगणातल्या मातीवर वाळवलेला माल घराघरागणिक वेगळा असतो; तो एकत्र केला की चांगल्याची मेहनत वाईटात बुडते. सामाईक केंद्रावर मात्र तरंगणारी पोकळ फळे पाण्यातच वेगळी काढता येतात, त्याच दिवशी गर निघतो, आंबवणीवर लक्ष राहते आणि उंच जाळीवर ओलावा सावकाश 11-12 टक्क्यांवर आणता येतो.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप शेतकऱ्याच्या अडचणीचा आहे. घरातले वाळलेले पोते ही त्याची पुंजी असते. गरज पडली की विकता येते. ताजे फळ थांबत नाही, त्यामुळे संध्याकाळी समोरचा देईल तो दर घ्यावा लागतो. हा धोका खरा आहे, म्हणूनच दर हंगामाआधी जाहीर हवा, वजन गावातच आणि सर्वांसमक्ष व्हावे, पैसे तत्काळ मिळावेत आणि कॉफी विकल्यावर नफ्यातला दुसरा हप्ताही यावा. एवढे करायची तयारी नसलेल्या खरेदीदाराने ताजे फळ मागू नये. निवडून तोडायला चार-पाच फेऱ्या लागतात, ही तक्रारही रास्तच. पण एक किलो कॉफीला साधारण सहा किलो फळ लागते. फळाच्या किलोमागे दोन रुपये वाढवले तर शेतकऱ्याला फेऱ्यांची मजुरी सुटू शकते आणि खरेदीदाराला किलोभर कॉफीमागे बारा रुपयेच जास्त पडतात. केंद्राचे आंबट सांडपाणी ओढ्यात सोडले तर मात्र हा सगळा खटाटोप गावावरच उलटेल.

आणखी एक बाब सहसा सुटते. फक्त लाल फळालाच गिऱ्हाईक असले, तर उरलेसुरले झाडावर आणि जमिनीवर राहते आणि त्यात फळ पोखरणारा भुंगेरा वाढतो. भारतात तो 1990 मध्ये निलगिरीतील गुडलूर भागात प्रथम आढळला आणि 2025 मध्ये अराकूतही पोहोचला. म्हणून शेवटच्या तोड्यातली कच्ची-पक्की फळेही कमी पण ठरलेल्या दराने वेगळी घेतलीच पाहिजेत. हे सारे आपल्याकडेही लागू आहे; महाराष्ट्रातल्या चिखलदऱ्यात कॉफी करणाऱ्यांनी आणि त्यांच्याकडून माल घेणाऱ्यांनी नोव्हेंबरच्या आत पिकल्या फळाचा आणि उरल्यासुरल्याचा असे दोन्ही दर एकत्र बसून ठरवावेत, ही आमची विनंती आहे.