आधी निदान, मग फॉरमॅट

तापाच्या प्रत्येक रुग्णाला पहिल्याच दिवशी प्रतिजैविक देऊ नये, हे आता बहुतेकांना पटले आहे. संगणक बिघडला की मात्र 'फॉरमॅट मारा' हाच सर्रास सल्ला मिळतो. माझा आक्षेप या सवयीला आहे.

विंडोज 10 ची नियमित मोफत सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबली. विंडोज 11 अनेक जुन्या संगणकांवर चालत नाही. त्यामुळे घरी, शाळेत, सरकारी रुग्णालयाच्या केसपेपरच्या खिडकीवर असलेले धडधाकट संगणक भंगारात निघू शकतात. त्यांवर लिनक्स आणि एक्सएफसीईसारखा हलका डेस्कटॉप टाकणे हा चांगला पर्याय आहे. डेस्कटॉप म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या, मेन्यू आणि पट्ट्यांची व्यवस्था. लिनक्समध्ये मूळ प्रणालीला हात न लावता ती बदलता येते. पण बदलताना पहिल्याच दिवशी काहीतरी अडते आणि लोक माघार घेतात. अशा वेळी लक्षण नीट पाहावे.

नवा डेस्कटॉप टाकूनही जुनाच दिसतो? हा आजारच नव्हे. उबुंटूमध्ये लॉगिनच्या वेळी नाव निवडले की कोपऱ्यात दातेरी चाक दिसते. तिथे एक्सएफसीई निवडावे लागते.

पासवर्ड बरोबर असूनही पुन्हा लॉगिनचाच पडदा येतो? कंट्रोल, ऑल्ट आणि एफ3 एकत्र दाबा. अक्षरांचा साधा पडदा उघडेल. तिथे आधी डिस्क भरली आहे का ते पाहा. नसेल, तर 'एक्सऑथॉरिटी' ही लपलेली फाइल कोणाच्या मालकीची आहे ते तपासा. सुडो लावून डेस्कटॉप सुरू केला असेल, तर तिची मालकी रूटकडे गेलेली असू शकते.

पडदा काळा आहे किंवा पट्टी गायब आहे? नवा वापरकर्ता तयार करून त्याच्या नावाने आत जा. त्याला सगळे ठीक दिसले, तर दोष बहुधा जुन्या वापरकर्त्याच्या सेटिंगमध्ये आहे. त्याचे एक्सएफसीईचे सेटिंग फोल्डर दुसऱ्या नावाने बाजूला ठेवले की बहुतेकदा काम भागते. नव्यालाही काळाच पडदा दिसला, तर ग्राफिक्स ड्रायव्हरवर संशय घ्यावा आणि 'जर्नलसीटीएल'मधल्या नोंदी वाचाव्यात. त्या म्हणजे संगणकाचा केसपेपरच.

मराठी टाइप होत नाही? ग्नोम डेस्कटॉप आयबस हा टंकलेखनाचा प्रोग्राम स्वतःच सुरू करतो. एक्सएफसीईमध्ये तो अनेकदा लॉगिनबरोबर सुरू होणाऱ्या यादीत घालावा लागतो. रुग्णाचे नाव मराठीत लिहायचे असेल, तर ही बाब किरकोळ नाही.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. आधी फाइलींची प्रत काढून ठेवावी. मग एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत लिहावा. पाच औषधे एकदम दिली, तर गुण कशाने आला ते कळत नाही. इंटरनेटवरून आज्ञा जशीच्या तशी उतरवणे म्हणजे शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर औषध घेणे.

प्रत्येक संगणकाला हा उपाय लागू नाही. प्रयोगशाळेच्या यंत्राला जोडलेला, फक्त विंडोजवरच चालणाऱ्या सॉफ्टवेअरचा संगणक असा बदलू नये. बाकीच्यांसाठी नव्या खरेदीचा प्रस्ताव पाठवण्याआधी एक दुपार तपासणीला द्यावी. खरेदी होईपर्यंत खिडकीपुढची रांग थांबत नाही.