पैठणी मासे आणि तलावपाळी

पीएल सुरू झाली आणि आमच्या विंगमध्ये जोरदार भांडण झालं. विषय ना सबमिशनचा होता, ना मेसच्या भाजीचा. विषय होता दोन मासे.

मागच्या सेमला रूम पार्टनरने हौसेने दोन कोई आणले. दोन फुटी काचेच्या टाकीत ठेवले. आता ते वीतभर झाले, टाकीत धड वळताही येईना. त्यात सुट्टी तोंडावर. एकाने फर्मान काढलं, "तू नौपाड्याचा ना? घरी जाताना घेऊन जा आणि तलावपाळीला सोड. पुण्य लागेल!" मीही हो म्हणून मोकळा झालो.

मग अभ्यास टाळायला जे काही करतो त्यात मी कोईबद्दल वाचत बसलो, आणि विचार बदलला.

कोई म्हणजे गोल्डफिश नव्हे. कोईला मिशा असतात, गोल्डफिशला नसतात. जपानीत याचं पूर्ण नाव निशिकिगोई. निशिकी म्हणजे जरीचं, वेलबुट्टीचं कापड. आपण खुशाल 'पैठणी मासा' म्हणावं! निइगाताच्या डोंगरातल्या शेतकऱ्यांनी खायला पाळलेल्या साध्या कार्पमधून एकोणिसाव्या शतकात ही रंगीत पिल्लं वेगळी काढली आणि १९१४ च्या टोकियोच्या प्रदर्शनानंतर ती जपानभर गाजली.

पांढऱ्यावर लाल डाग असले की कोहाकू. त्यावर काळे ठिपके आले की तैशो सान्के. काळ्या अंगावर लाल-पांढरं असेल तर शोवा. (तैशो आणि शोवा ही सम्राटांच्या कालखंडांची नावं. आपण बॅचचं वर्ष सांगतो तसंच!) पाठीवर निळसर जाळी आणि पोटाला लाली म्हणजे आसागी. एकाच धातूच्या झळाळीचा तो ओगोन. आणि अख्ख्या पांढऱ्या अंगावर फक्त कपाळाला लाल टिळा असेल तर तांचो.

गंमत म्हणजे हे नक्षीकाम वारशाने जसंच्या तसं येत नाही. मादी लाखांवर अंडी घालते, पण नीट रंगाची पिल्लं मोजकीच निघतात. बाकीची पहिल्या काही महिन्यांतच, फेरी-फेरीने बाद होतात. कॅम्पस इंटरव्ह्यू बरा म्हणायचा!

आता मुद्द्याचं. रंग काढून टाकला तर कोई म्हणजे आपल्याकडे कोळी ज्याला सायप्रिनस म्हणतात तोच मासा. तो तळाचा चिखल उकरतो, पाणवनस्पती उपटतो, पाणी गढूळ करतो. काश्मीरच्या दल सरोवरात तो सोडल्यावर तिथल्या मूळच्या माशांची संख्या घटली. शिवाय टाकीतला रोग तलावात जातो तो वेगळाच. तलावांचं शहर म्हणून ठाण्याचा अभिमान मिरवायचा आणि आपल्याला नको झालेलं त्याच तलावात ओतायचं, यात पुण्य कुठलं? ही तर अडगळ टाकण्याची सोय झाली.

खरी चूक मासा सोडण्याआधीच, आणतानाच होते. कोई दोन फुटांचा होऊ शकतो. त्याला हजार लिटरच्या हिशोबात पाणी लागतं, आमच्या टाकीत ते जेमतेम पन्नास-साठ लिटर. तो पंचवीस-तीस वर्षं जगतो. आपली डिग्री चार वर्षांची, केटी धरून पाच!

शेवटी मासे तलावपाळीला गेले नाहीत. वर्गातल्या एकाच्या काकांच्या वाडीत मोठा सिमेंटचा हौद आहे, तिथे बादलीतून पोचवले. एसटीत कंडक्टरने दोनदा बादलीत डोकावून पाहिलं, तिकीट मात्र मागितलं नाही.

रेक्टर सरांना एक सूचना करावीशी वाटते. हॉस्टेलवर मासे पाळायला बंदी नको, पण मासा आणणाऱ्याने त्याचा सुट्टीतला पत्ता आधी लिहून द्यावा. आपला लिहून घेतात, तसाच. आणि ज्यांना फक्त रंग बघायचे आहेत त्यांनी गप्पी पाळावेत. तेही टाकीतच, तलावात नव्हे!

बघा, पटतंय का.